सुट्टी संपली, पण परत जायचे नाही: हे सहा वर्षांच्या मुलाला कसे सांगावे?

पुण्याहून_आलेली (२० मे)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबलचक आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागते.

आम्ही या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पुण्याहून सोलापूरला आलो. सासूबाई जिन्यावरून पडल्या, खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली. सासरे पंचाहत्तरीला आले आहेत, त्यामुळे घरात कायमचे कोणीतरी असणे भागच होते. माझे काम संगणकावरचे असल्यामुळे ते कुठूनही करता येते, यजमानांचे तसे नाही. ते निदान दिवाळीपर्यंत पुण्यात एका सहकाऱ्याबरोबर राहतील, शुक्रवारी संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसने निघून रात्री उशिरा घरी पोहोचतील आणि रविवारी परततील, असे ठरले आहे.

खरी अडचण आमच्याच एका वाक्याने निर्माण केली आहे. निघताना इतकी धावपळ होती की मुलाला आम्ही "सुट्टीला आजीकडे चाललो आहोत" एवढेच सांगितले. तेव्हा ते खोटेही नव्हते, कारण पुढचे आमचेच ठरायचे होते. आता पुण्याच्या शाळेत दाखल्यासाठी अर्ज दिला आहे, इथे घराजवळच्या मराठी शाळेत पहिलीत नाव घातले आहे, पुण्यातले भाड्याचे घर महिनाअखेरीस सोडायचे आहे, आणि हे सगळे त्याच्याखेरीज घरातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तो रोज रात्री आपली छोटी बॅग उघडतो, तळाशी बूट आहेत ना हे हाताने चाचपतो आणि विचारतो, "अजून किती दिवस?" त्या बॅगेतले कपडे त्याने अजून कपाटात ठेवू दिलेले नाहीत.

आमचे घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या अलीकडे आहे. मागच्या भिंतीला लागूनच टॉवेलचा कारखाना असल्यामुळे मागांचा खडखडाट रात्री उशिरापर्यंत चालतो, आणि त्या आवाजाला तो घाबरतो. गेल्या आठ दिवसांत तीनदा अंथरूण ओले झाले, जे दोन वर्षांत एकदाही झाले नव्हते. माझी एक जुनी ओढणी घेतल्याशिवाय तो झोपत नाही, ती सवय मोडावी असे सासूबाईंना वाटते. गल्लीतली बहुतेक मुले आपसांत तेलुगू बोलतात, त्यांच्यात तो जात नाही; गॅलरीच्या गजांतून पाहत उभा राहतो. घरातल्या मोठ्यांचे म्हणणे असे की आत्ता काहीच सांगू नये, शाळा सुरू झाली की चार दिवस रडेल आणि विसरेल, आणि पहिल्या दिवशी त्याला वर्गात बसवून मी नजर चुकवून निघून यावे. मला हे पटत नाही, पण काय करावे हेही सुचत नाही. शाळा सुरू व्हायला आता चार आठवडेही उरलेले नाहीत.

---

गिरणीचाळ (२१ मे)

मी या विषयातला जाणकार नाही. तुमच्या मुलाच्या जागी मी एकदा होतो, एवढ्याच अधिकाराने लिहितो.

माझे वडील इथल्या एका कापड गिरणीत साचेखात्यात होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. मे महिन्यात मला बार्शीला आजोळी पाठवले, आणि जूनमध्ये मामाने मला चाळीत परत न आणता थेट भिवंडीला नेऊन पोहोचवले, कारण दरम्यान वडिलांना तिथे यंत्रमागावर काम मिळाले होते आणि बिऱ्हाड हलले होते. रडेल म्हणून मला कोणी सांगितले नव्हते. आमच्या चाळीच्या मागच्या भिंतीत एक सैल वीट होती आणि तिच्यामागे माझ्या अकरा गोट्या होत्या, त्यांतली एक दुधी रंगाची. शहर सुटले, मित्र सुटले हे मला तेव्हा सांगता येत नव्हते, म्हणून मी गोट्यांसाठी रडलो. घरच्यांनी बाजारातून नव्या गोट्या आणून दिल्या आणि तरीही रडतो म्हणून पाठीत एक धपाटाही दिला. त्यानंतर कित्येक वर्षे मी आजोळी जायला तयार होत नसे. सुट्टीला गेले की मागे घर नाहीसे होते, असे माझ्या डोक्यात पक्के बसले होते.

आई-वडिलांना मी दोष देत नाही. त्या उन्हाळ्यात त्यांच्यावर काय गुदरत होते ते आज चाळिशीत कळते. पण तुमच्या पुण्याच्या घरात अशी एखादी वीट असेल, तर घराच्या किल्ल्या परत करण्याआधी ती त्याला स्वतः उघडू द्या.

---

बालवाडीताई (२१ मे)

गिरणीचाळ यांचे वाचून थोडा वेळ काहीच लिहवेना. मी सोलापुरात बावीस वर्षे बालवाडीच्या आणि पहिलीच्या मुलांबरोबर आहे, त्या अनुभवावरून सांगते.

सांगावे की न सांगावे हा प्रश्न तुमच्यापुरता संपलेला आहे. जे मूल रोज रात्री बूट चाचपते त्याला कुणकुण लागलेली असते. दाखल्याविषयीचे फोन, आजोबांनी शेजाऱ्यांशी केलेली बोलणी, तो येताच थांबलेली वाक्ये, हे सगळे त्याने ऐकले आहे. त्याच्याशी बोलले मात्र कोणी नाही. येत्या शनिवारी सकाळी, त्याचे बाबा घरात असताना सांगा. झोपण्याच्या वेळी सांगू नका, नाहीतर सगळे प्रश्न उशाशी घेऊन त्याला रात्र काढावी लागेल. शब्द थोडे ठेवा. मी असे काही म्हणेन: "आपण सुट्टीला आलो असे तुला सांगितले होते, ते अर्धेच खरे होते. आजीला आता चालायला हात द्यावा लागतो, म्हणून आपण इथेच राहणार आहोत, आणि तुझी पहिलीची शाळा इथे आहे. बाबा शुक्रवारी रात्री येतील आणि रविवारी जातील. हे तुला आधी सांगायला हवे होते, आमचे चुकले." आणि मग गप्प बसा. नवी शाळा किती छान आहे याचे वर्णन त्याच दमात सुरू करू नका. "नाही आवडले तर परत जाऊ" हे वाक्य तर चुकूनही तोंडातून काढू नका, कारण ते पाळता येणार नाही आणि तो ते विसरणार नाही.

एक बारीक गोष्ट. "आजीमुळे यावे लागले" असे घरात कोणीही म्हणू नये, "आजीला हात द्यायला आलो" असे म्हणावे. मुले शब्द धरून बसतात. आजी पडली म्हणून माझे घर गेले, असा हिशेब एकदा मांडला गेला की तो पुसायला फार वेळ लागतो, आणि तुम्हाला तर त्याच घरात राहायचे आहे.

तो ऐकून रडेल, किंवा काहीच न बोलता खेळायला निघून जाईल. दुसरे झाले तर समजले नाही असे समजू नका. प्रश्न नंतर येतात, आंघोळ घालताना, रिक्षात, जेवताना मध्येच, आणि ते आपल्याला क्षुल्लक वाटतात: माझी सायकल कुठे ठेवणार, वॉचमनकाकांना सांगितले का. त्याच प्रश्नांची उत्तरे नीट द्या.

आता शाळेचे. शाळा उघडण्याआधी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन त्याला एकदा रिकाम्या शाळेत घेऊन जा, आणि वर्गाच्या आधी स्वच्छतागृह दाखवा. हे वाचून हसू येईल, पण पहिलीतल्या मुलाच्या पहिल्या आठवड्यातल्या रडण्याचे कारण मला आईच्या आठवणीइतकेच वेळा लघवीत सापडले आहे: कुठे जायचे ते माहीत नसते, विचारायचे कसे ते माहीत नसते, चड्डीचे बटण एकट्याने निघत नाही, आणि दार लावले तर उघडेल का याची भीती असते. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कमोडची सवय झालेल्या मुलाला भारतीय पद्धतीच्या भांड्यावर बसता येत नाही, हे तर मी दरवर्षी पाहते. घरी तसे असेल तर आत्तापासून सवय करा. डब्याचे झाकण त्याला उघडते का, पाण्याची बाटली बंद करता येते का, तेही पाहून ठेवा. "बाई, मला लघवीला जायचे आहे" हे वाक्य मोठ्याने म्हणायचा सराव खेळात घ्या; आजोबांना बाई करा.

आणि कृपा करून नजर चुकवून जाऊ नका. त्याला हात हलवून, सांगून या.

---

निवृत्त_गुरुजी (२२ मे)

ताईंशी मी पूर्णपणे सहमत नाही, आणि ते स्पष्टपणे मांडतो. जिल्हा परिषदेच्या शाळांत माझी नोकरी झाली आणि पहिलीचा वर्ग मी एकोणीस वर्षे सांभाळला. मूल रडते ते बहुधा फाटकाशी रेंगाळणाऱ्या आईमुळे. आई निघते, चार पावलांवर थांबते, मागे पाहते, परत येऊन डोळे पुसते, पुन्हा निघते. मूल इकडे थांबत आलेले रडणे पुन्हा सुरू करते. त्यापेक्षा आईने मूल पाटीत गुंतले की गुपचूप जावे. दहा मिनिटांत ते खडूत रमते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. आमच्या शाळेत विडी कामगार महिलांची मुले होती. त्या माउल्यांना पाने कातरायला बसायची घाई असे, मुलाची समजूत घालत बसायला वेळ कोणाला होता? ती मुलेही शिकलीच. हल्ली प्रत्येक गोष्टीचे शास्त्र करण्याकडे पालकांचा कल आहे, त्याने मुले अधिक हळवी होतात असे माझे मत आहे.

दाखल्याविषयी मात्र निश्चिंत राहा. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम ५ नुसार दाखला मिळायला उशीर झाला म्हणून सरकारी वा अनुदानित शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. सांगण्याचे कारण असे की बदलून आलेले मूल इतर मुलांबरोबर पहिल्याच दिवशी वर्गात बसणे फार महत्त्वाचे असते. सगळे नवे असतात तेव्हा आपण नवे असल्याचे कोणाला कळत नाही; पंधरा दिवस उशिरा गेलेले मूल मात्र वर्षभर "नवीन" राहते.

---

बालवाडीताई (२२ मे)

गुरुजी, रेंगाळण्याबद्दल तुमचे शंभर टक्के मान्य. निरोप छोटाच हवा. पण छोटा निरोप आणि चोरटे जाणे या दोन गोष्टी तुम्ही एकाच पारड्यात घातल्यात. दहा मिनिटांत खडूत रमलेले मूल आपण पाहतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच मूल आईचा पदर मुठीत घट्ट धरून येते तेही आपणच पाहतो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. पहिल्या दिवशी त्याची आई त्याला खेळण्यांजवळ बसवून मागच्या दाराने गेली. त्यानंतर दोन महिने तो दाराकडे पाठ करून बसेना. गोल करून बसवले तरी सरकत सरकत दार दिसेल अशा जागी यायचा. चित्र काढताना एक रेघ ओढायचा आणि दाराकडे पाहायचा. त्याचे रडणे थांबले होते, म्हणून घरचे म्हणायचे, रमला.

विडी कामगार आयांचे म्हणाल तर त्या चुकवून जात नसत, हे मी माझ्या आईवरून सांगते. ती सुपात पाने घ्यायच्या आधी माझ्या हातात चहात बुडवलेली बटर द्यायची आणि म्हणायची, "भोंगा झाला की येते." भोंगा झाला की ती यायची. माझे शास्त्र तिथून आले आहे.

मुलाला घड्याळ कळत नसते, गुरुजी. साडेबारा म्हणजे काय त्याला? "खिचडी खाल्ली, हात धुतले, घंटा झाली की मी फाटकाशी" असे सांगितले तर त्याला मोजता येते. आणि मग आई खरोखर फाटकाशी दिसली पाहिजे, पाच मिनिटे आधीच.

---

निवृत्त_गुरुजी (२२ मे)

दाराकडे पाठ न करणाऱ्या मुलाबद्दल माझ्यापाशी उत्तर नाही. अशी दोन-तीन मुले मलाही आठवली. मी त्यांना चंचल म्हणत असे. हळवेपणाविषयीचे माझे मत मात्र कायम आहे.

---

बालरोगतज्ज्ञ_होटगीरोड (२३ मे)

अंथरूण ओले होण्याविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. मूल तपासल्यावाचून निदान होत नाही हे गृहीत धरावे. सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागले, तर घर बदलणे, पालकांपैकी एकाचे दूर जाणे, भावंडाचा जन्म ही कारणे नेहमी आढळतात. तरीही सगळे मनावर ढकलण्याआधी लघवीची एक साधी तपासणी करून घ्या, कारण जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ आणि क्वचित मधुमेहही असाच समोर येतो. खूप तहान, वारंवार लघवी आणि वजन घटणे दिसले तर त्याच दिवशी दाखवा. पाणी तोडण्याचा घरगुती उपाय सोलापूरच्या मे महिन्यात करू नये; दिवसभर भरपूर पाणी द्यावे, झोपण्यापूर्वी कमी करावे आणि लघवीला नेऊन आणावे. सकाळी चादर बदलताना त्याच्यासमोर कोणी काही बोलू नये, "एवढा मोठा झालास" हेही नाही.

ओढणी राहू द्या. डोनाल्ड विनिकॉट हे ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होते. त्यांनी १९५१ साली अशाच वस्तूंवर निबंध वाचला. आई जवळ नसताना आईचे जवळ असणे मूल ज्या कापडात किंवा बाहुलीत ठेवते, ती वस्तू लाड नसून मुलाने स्वतः शोधलेला आधार असतो, असे त्यांचे सांगणे. सासूबाईंना विनंती करा की ती तूर्त धुऊही नये. वास गेला की अर्धी ओढणी गेली.

गजांतून पाहत राहण्याचे मला फारसे काळजीचे वाटत नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या दांपत्याने न्यूयॉर्कमध्ये १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत पाठपुरावा केला. त्यांतली सुमारे ४० टक्के मुले नव्या परिस्थितीत सहज मिसळणारी निघाली, १० टक्के अवघड, आणि १५ टक्के हळूहळू खुलणारी. उरलेली कोणत्याच गटात नीट बसेनात. हळूहळू खुलणारे मूल आधी लांबून पाहते, मागे सरते, पुन्हा पाहते आणि आपल्या वेळेने आत शिरते. ढकलले तर ते आणखी मागे जाते, आणि अजिबात नेले नाही तर तिथेच राहते. रोज त्याच वेळी, त्याच ओट्यावर, तुम्ही शेजारी बसून पंधरा मिनिटे, एवढे पुरे. पाहुण्यांसमोर "आमचा लाजाळू आहे" म्हणणे मात्र बंद करावे, कारण मुले आपल्याविषयीचे निकाल लवकर मान्य करतात.

शाळेत तो काही आठवडे बोलणार नाही, ही शक्यता धरून चाला. वर्गात वेगळी भाषा कानावर पडत असेल तर हा काळ आणखी लांबतो. घरी भरपूर बोलणारे मूल शाळेत महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल तरच वेगळा विचार करतात, आणि त्यातही शाळेचा पहिला महिना मोजत नाहीत. विलग होण्याची तीव्र भीती, रोज सकाळी पोटदुखी जी रविवारी नसते, झोप आणि खाणे दोन्ही बिघडणे, हे चार आठवड्यांहून अधिक टिकले तर तज्ज्ञाला भेटा. पालकांना स्वतःसाठीही बोलायचे असेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते.

---

पुण्याहून_आलेली (२६ मे)

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी सकाळी, चहा झाल्यावर, ताईंनी लिहिलेले जवळपास जसेच्या तसे सांगितले. "आमचे चुकले" हे वाक्य यजमान म्हणाले. तो आमच्याकडे न पाहता खारीचे पापुद्रे सुटे करत राहिला आणि म्हणाला, "मला माहीत होते." थोड्या वेळाने विचारले, "मग माझ्या लिफ्टचे काय?"

आम्हाला काही कळेना. मग उलगडले की पुण्याच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये पाचव्या मजल्याचे बटण त्याचा हात पोहोचू लागल्यापासून तोच दाबत असे, दुसऱ्या कोणाला दाबू देत नसे. गिरणीचाळ, तुमची वीट ती हीच. रविवारी तो बाबांबरोबर पुण्याला गेला, रिकाम्या होत चाललेल्या घरातल्या प्रत्येक खोलीत फिरला, लिफ्टने सात वेळा वर-खाली केले, वॉचमनकाकांना "मी आता सोलापूरला राहतो" असे स्वतः सांगितले आणि आज परत आला. स्टेशनवर मला पाहून मात्र तो असा रडला की रिक्षावालेही थांबून पाहू लागले. मी सासूबाईंना फोनवर एवढेच म्हटले की रडू द्या त्याला, आज कारण आहे.

लघवीची तपासणी झाली, सर्व ठीक आहे. आता मागांच्या आवाजाचे काय करावे?

---

शेंगाचटणी (२६ मे)

आमचे घर तीन पिढ्या या धंद्यात आहे, तेव्हा हा प्रश्न माझ्याकडे लागू. अंधारात भिंतीपलीकडून येणारा खडखडाट कोणालाही राक्षसाचाच वाटेल. त्याला दिवसा कारखान्यात घेऊन जा. मालकाला विचारा, नाही म्हणणार नाही. दुपारच्या जेवणाच्या वेळी माग बंद असतात तेव्हा आधी न्या, मग एकच माग त्याच्यासमोर सुरू करायला सांगा, आणि दारापासून, तुमच्या कडेवरून पाहू द्या. जुने माग असतील तर आडवा धागा नेणारा धोटा कसा या टोकाहून त्या टोकाला फेकला जातो आणि प्रत्येक फेकीला "खट" कुठून येते हे त्याला दिसेल. आवाजाला हात-पाय दिसले की भीती निम्मी होते. मशिनपासून लांब उभे करा, कापसाची धूळ असते म्हणून नाकाला रुमाल लावा, आणि येताना सूत गुंडाळायची एखादी रिकामी कांडी मागून घ्या. पोरांना कांडी फार आवडते, का ते विचारू नका.

आणखी एक. गल्लीतली पोरे त्याला "काय करलालास बे?" म्हणतील. पुण्याच्या कानाला तो "बे" टोचतो. ती शिवी नव्हे हे त्याला आधीच सांगून ठेवा. सोलापुरात ज्याला "बे" म्हणतात तो आपला. ज्याच्याशी "अहो-जाहो" करतात, त्याने काळजी करावी.

---

पुण्याहून_आलेली (२ जुलै)

इतके दिवस लिहायला जमले नाही. शाळा सुरू होऊन दोन आठवड्यांहून अधिक झाले, म्हणून जे झाले ते कळवते.

पहिला दिवस आश्चर्य वाटावे इतका सरळ गेला आणि मी सुटकेचा श्वास टाकला, तो तिसऱ्या दिवशी परत घेतला. त्या दिवशी त्याला उमगले की हे रोजच आहे. फाटकाशी त्याने माझ्या ओढणीला दोन्ही हातांनी विळखा घातला. मी ताईंचे ऐकून "खिचडी, हात धुणे, घंटा, मी" एवढे म्हटले आणि निघाले. गुरुजींचे ऐकून मागे पाहिले नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाशी जाऊन मीच रडले, हे इथे लिहायला हरकत नसावी. दुकानदाराने न विचारता पाण्याचा ग्लास पुढे केला. पाच-सहा दिवस असेच गेले. सातव्या दिवशी तो हात सोडून गेला, का ते मला माहीत नाही.

वर्गात तो अजून बोलत नाही. बाई समजूतदार आहेत, त्याला फळा पुसायचे काम दिले आहे, त्याला बोलावे लागत नाही. बाकावर शेजारी बसणाऱ्या मुलाचे आजोबा मागावर काम करतात. आमच्या चिरंजीवांच्या खिशातली कांडी त्याने पाहिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या दोन आणल्या. त्या तीन कांड्यांवर दोघांचे काय बोलणे चालते कोण जाणे, कारण एकाला तेलुगू येत नाही आणि दुसऱ्याचे मराठी मला अर्धेच कळते. परवा घरी येऊन त्याने आजोबांना विचारले, "काय करलालाव बे?" आजोबांनी वर्तमानपत्र खाली ठेवले आणि बराच वेळ हसत राहिले, सासूबाईंनी मात्र "मोठ्यांना बे म्हणायचे नाही" हा व्याकरणाचा पहिला नियम तिथल्या तिथे शिकवला.

एक गोष्ट आम्ही ठरवून केलेली नाही, ती आपोआप झाली. आमच्या भागात नळाला चार दिवसांआड पाणी येते. पुण्यात नळ सोडला की पाणी हे त्याचे जग होते, त्यामुळे पहिल्यांदा तो गोंधळला. आता पाण्याच्या दिवशी पहाटे आजोबा त्याला उठवतात, त्याच्या वाट्याला एक लहान कळशी आहे, ती तो स्वतः भरतो आणि सासूबाईंच्या खोलीतल्या माठापर्यंत सांडत-सांडत नेतो. "अजून किती दिवस?" हा प्रश्न तो अजूनही विचारतो, बहुतेक वेळा तो पाण्याबद्दल असतो, कधी कधी बाबांबद्दल. बाबा शुक्रवारी तो झोपल्यावर येतात, म्हणून शनिवारी जाग आली की तो आधी उंबऱ्यापाशी जाऊन त्यांच्या चपला पाहतो आणि मगच तोंड धुतो. एका आठवड्यात त्यांना येणे जमणार नव्हते, ते आम्ही गुरुवारीच सांगून टाकले. तो रागावला, जेवला नाही, पण शनिवारी उंबऱ्याकडे गेला नाही.

अंथरूण गेल्या महिन्यात दोनदा ओले झाले, दोन्ही वेळा रविवारी रात्री. ओढणी आहे तशीच आहे, न धुतलेली. बॅगेतले कपडे त्याने मागच्या आठवड्यात एकेक करून कपाटात नेऊन ठेवले, आम्ही कोणी मदतीला गेलो नाही. बूट मात्र अजून बॅगेच्या तळाशी आहेत. शाळेत तो सँडल घालून जातो.

---

निवृत्त_गुरुजी (३ जुलै)

बुटांना हात लावू नका. पावसाळ्यात तसेही त्यांचा उपयोग नाही. जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेपर्यंत ते त्याला लहान होतील, तेव्हा नवे घ्यायला त्यालाच बरोबर घेऊन जावे.